परमुलखात आपला पैसा चालतो का? हुंडीपासून क्यूआरपर्यंत



मागच्या भाषणानंतर तीन-चार गटांकडून एकच विचारणा आली. आता विमानतळ आपल्याच तालुक्यात आला, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, डिसेंबरात विमानेही उडू लागली. आपल्या जमिनीवरून लोक विमानाने जातात. उद्या आपणही कुठे गेलो, तर तिथे पैसे द्यायचे कसे? आपली नोट तिथे चालते का?

प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागे दोन-तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपले पनवेलही आहे. आज तोच सांगू. मात्र सुरुवात आमच्याच फजितीने करतो.

२०२३ च्या नोव्हेंबरात आमच्या गटातल्या अकरा जणी काशी आणि नेपाळच्या यात्रेला गेलो होतो. काशी झाली, गोरखपूर झाले, सोनौलीची हद्द ओलांडली, लुंबिनी पाहिली आणि पोखऱ्याला पोचलो. पोखरा म्हणजे नेपाळातले मोठे पर्यटनाचे गाव. फेवा ताल नावाचा तलाव, मागे हिमालयाची बर्फाची शिखरे, आणि तलावाच्या मधोमध एका बेटावर ताल बाराही देवीचे देऊळ. देवळात जायला नाव करावी लागते. आमच्या थोरल्या काकू, वय बासष्ट, सगळ्यांच्या पुढे. त्यांनी कनवटीचा बटवा काढला आणि पाचशेची नोट पुढे केली. खिडकीवरच्या माणसाने मान हलवली. दुसऱ्या दुकानात पाण्याची बाटली घ्यायला गेल्या, तिथेही तेच. काकूंच्या कमरेला आठ हजार रुपये होते, सगळे पाचशेच्या नोटांत. पाच वर्षे भाजी विकून, गटात बचत टाकून जमवलेले. आणि त्या पैशाने पाण्याची बाटली येईना. काकू आमच्याकडे वळून म्हणाल्या, "माझे पैसे खोटे हायेत का गं?"

पैसे खोटे नव्हते. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटा तिथे चालणार नाहीत असे जाहीर केले होते. ते आम्हाला माहीत नव्हते, आणि यात्रा नेणाऱ्यानेही सांगितले नव्हते. मग एक ओळखीचा म्हणवणारा माणूस पुढे आला. पाचशेच्या नोटेला सातशे नेपाळी रुपये देतो म्हणाला. खरा भाव आठशेचा. काकूंनी चार नोटा मोडल्या. नावेचे पैसे भागले, देवीचे दर्शन झाले, पण परतीच्या वाटेवर त्या गप्प होत्या.

त्या माणसाने मधल्या मध्ये जे शंभर नेपाळी रुपये ठेवले, त्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे. बट्टा. आपण म्हणतो ना, नावाला बट्टा लागला. तो शब्द इथलाच, नाणी बदलण्याच्या बाजारातला.

मुंबईचा रुपया, पुण्याचा रुपया

आता आपल्या पनवेलकडे येऊ. आगगाडी नव्हती तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस भरती बघून होडीत बसायचा, खाडीतून पनवेल बंदराला उतरायचा आणि इथून पुढे बैलगाडीने, पालखीने किंवा पायी बोरघाट चढायचा. १८३० मध्ये इंग्रजांनी बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता केला, तेव्हा पनवेलची वर्दळ आणखी वाढली. १८५२ मध्ये इथे नगरपालिका झाली. इतक्या लवकर नगरपालिका मिळालेली गावे महाराष्ट्रात थोडीच. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली आणि मग प्रवासी पनवेलला न येता कल्याण-कर्जतमार्गे जाऊ लागला.

पण पेशवाईच्या काळातला प्रवासी डोळ्यांपुढे आणा. मुंबईत इंग्रजांचा अंमल, तिथे सुरती रुपया चाले. पुण्यात पेशव्यांचा अंमल, तिथे अंकुशी रुपया. नाशिककडे गेले की चांदवडी रुपया. प्रत्येकाचे वजन थोडे वेगळे, चांदीचा कस वेगळा. म्हणजे मुंबई ते पुणे एवढ्या वाटेतच पैसा बदलावा लागे. तेव्हा परदेश फार लांब नव्हता, घाटाच्या पलीकडेच होता.

हा पैसा बदलून देणारे ते सराफ आणि नाणावटी. नाणे दगडावर वाजवून, कसोटीवर घासून बघत. खणखणीत वाजले तर खरे. 'खणखणीत नाणं' हा शब्द आपण माणसांना लावतो, तो इथून आला. सरकारी खजिन्यात नाणी पारखणारा तो पोतदार. आज ही सगळी आडनावे झाली आहेत. आणि एका ठिकाणचा रुपया दुसऱ्या ठिकाणी देताना जो तुटवडा सोसावा लागे, तो बट्टा. सराफाला नाण्याची पारख, बाजारभावाची माहिती. प्रवाशाला ती नाही. बट्टा जास्त लागायचा तो या न-माहितीचा. पोखऱ्याला काकूंना लागला तोही असाच.

कागदावर पैसा

दुसरी भीती वाटेवरच्या चोरांची. चांदीचे रुपये जड असतात, वाजतात, लपत नाहीत. त्यावर आपल्या लोकांनी काढलेली तोड म्हणजे हुंडी. कीर्तनात तुम्ही नरसी मेहत्याची गोष्ट ऐकली असेल. महिपतींच्या भक्तविजयातही नरसी मेहता आहेत. द्वारकेला निघालेले यात्रेकरू जुनागडात त्यांच्याकडे पैसे देतात, वाटेत लूट होईल म्हणून हुंडी मागतात, आणि नरसी मेहता द्वारकेच्या सावळ्या शेठच्या नावे चिठ्ठी लिहून देतात. द्वारकेत त्या नावाचा सावकारच नाही! शेवटी देव स्वतः शेठ होऊन हुंडी वटवतो. गोष्ट भक्तीची आहे, पण तिच्यातला व्यवहार खरा आहे. यात्रेकरू पैसे रोख नेत नसत, कागदावर नेत.

हुंडीचा व्यवहार असा चाले. तुम्ही पुण्याच्या पेढीवर रुपये भरायचे. सावकार चिठ्ठी लिहून देणार, काशीच्या अमक्या पेढीने ही चिठ्ठी आणणाऱ्याला इतके रुपये द्यावेत. त्यासाठी सावकार जी मजुरी घेई तिला हुंडणावळ म्हणत. चिठ्ठी दाखवताच पैसे मिळाले तर ती दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. हुंडी हरवली तर? त्याचीही सोय होती. मूळ सावकार दुसरी चिठ्ठी देई, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, ती परपेठ. म्हणजे कागद गेला तरी पैसा जात नसे, कारण पैसा कागदात नव्हताच, तो सावकाराच्या वहीत आणि त्याच्या पतीत होता. आजही आपण म्हणतो, चेक वटला. हा 'वटणे' शब्द हुंडीच्याच काळातला.

आता बायकांचा हिशेब बघा. पेशवे बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला निघाल्या. वाटेत राजपूत राजांनी मान दिला, मोगलांच्या मुलखातूनही सुखरूप जाऊन आल्या. त्यांच्यामागे राज्याची पत होती. पण साध्या घरच्या बाईच्या नावाने कोण हुंडी लिहिणार? पेढीवर बसणारे पुरुष, वही लिहिणारे पुरुष, हुंडीवर नाव पुरुषाचे. बाईच्या अंगावरचे सोने हीच तिची हुंडी. अडचण आली की बांगडी मोडायची. आणि अडल्या वेळी मोडलेल्या बांगडीला बट्टा सगळ्यात मोठा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको.

रोख पैसा घेऊन फिरणे किती जोखमीचे, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज झालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, असे कळल्यावर १८५७ मध्ये ते काकांबरोबर उत्तरेला निघाले. तिथे पोचतात तोच बंडाची धामधूम. झाशीच्या वेढ्यातही ते सापडले. मिळवलेले पैसे वाटेत लुटले गेले. शेवटी घरी आले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. पुढे त्यांनी ही सगळी हकिकत लिहिली आणि चिंतामण विनायक वैद्यांनी ती १९०७ मध्ये 'माझा प्रवास' या नावाने छापली. कर्ज फेडायला निघालेला माणूस, मिळवूनही रिकाम्या हाताने परत आला. परमुलखात मिळवणे एक आणि ते घरी सुखरूप आणणे दुसरे.

नोट आली, पण सगळीकडे चालेना

१८३५ मध्ये इंग्रजांच्या मुलखात एकच कंपनी रुपया सुरू झाला, आणि हळूहळू गावोगावचे रुपये मागे पडले. १८६१ मध्ये सरकारी कागदी नोटांचा कायदा झाला. पण गंमत ऐका. तेव्हा नोटांचे विभाग होते, मुंबईचा वेगळा, कलकत्त्याचा वेगळा, मद्रासचा वेगळा. मुंबई विभागाची नोट कलकत्त्याला कोणी घेतलीच पाहिजे असे कायद्याने बंधन नव्हते. एका राणीच्या राज्यात, एकाच देशात ही गत! १९०३ पासून पाचाची नोट आणि पुढे १९१०-११ पर्यंत दहा, पन्नास, शंभराच्या नोटा या विभागांच्या पलीकडे चालू लागल्या. तेव्हा काकूंची नोट पोखऱ्याला चालली नाही यात नवल नाही. आपल्या पणजोबांची नोट कलकत्त्यालाही अडली असती.

१८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. ती तर कोकणातल्या घराघरांत माहीत आहे. मुंबईच्या गिरणीत नवरा, गावी बायको, आणि मधे पोस्टमन. पैसे बाईच्या हातात पडायचे, कागदावर तिचा अंगठा लागायचा. सरकारी कागदावर बाईच्या हाताने पैसा घेतला गेला तो खूप घरांत पहिल्यांदा इथेच.

त्याच सुमारास विलायतेच्या प्रवासाची सोय होत होती. थॉमस कुक नावाच्या इंग्रज यात्रा-व्यावसायिकाने १८७४ मध्ये प्रवाशांसाठी एक प्रकारच्या चिठ्ठ्या काढल्या. त्या घेऊन गेले की परदेशातल्या ठरलेल्या बँकांत आणि हॉटेलांत पैसे मिळत. १८९१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने ट्रॅव्हलर्स चेक आणला. चेक घेताना एक सही करायची आणि खर्च करताना दुकानदारासमोर दुसरी. दोन्ही जुळल्या की पैसे. हरवला तर नंबर सांगून बदली मिळे. म्हणजे आपल्या पेठ-परपेठेचाच प्रकार. पण यात एक मेख होती, सही येणे. जिला सही येत नाही तिच्या हाती ही सोय कशी येणार? अक्षर आणि पैसा यांची गाठ इथे पडते. गटाच्या पहिल्या बैठकीत आम्ही सही शिका म्हणून मागे लागतो, ते उगीच नाही.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वयाच्या अठराव्या वर्षी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या. लहान असताना त्या आपल्या जिल्ह्यात अलिबागला राहिल्या होत्या. नवरा टपाल खात्यात कारकून, घरात पैशाची चणचण. त्यांना लोकांनी वर्गणी दिली, आणि तिकडे न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाईंनी पत्रांतून झालेल्या ओळखीवर त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. परमुलखात पैसा नसेल तर माणसांची पत कामी येते, ती अशी.

हाजच्या नोटा आणि गोव्याचा रुपया

आपल्या पनवेल-तळोज्याकडच्या मुस्लिम मैत्रिणींच्या घरी आजी-आजोबांच्या हाजच्या गोष्टी असतील. १९९५ पर्यंत मुंबई बंदरातून जेद्दाहला बोटी जात. दुबई, कतार, बहरीन, कुवेत या देशांत तेव्हा आपला भारताचाच रुपया चालत असे. पण त्या वाटेने सोन्याची चोरटी आयात होऊ लागली, आपल्या नोटा तिकडे जायच्या आणि परत येऊन सरकारकडून परकी चलन मागायच्या. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा छापल्या, आणि हाजच्या यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास हाज नोटा काढल्या. रंग वेगळा, नंबरापुढे अक्षरे वेगळी. यात्रेकरूने त्या तिकडे खर्च करायच्या, इथल्या बाजारात त्या चालत नसत. पुढे त्या देशांनी आपापली चलने काढली. कुवेतने १९६१ मध्ये, बाकीच्यांनी थोडे मागून.

आणि गोवा? आज पनवेलहून रेल्वेत बसलो की त्याच पैशात गोव्याला जातो. पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. मंगेशी, शांतादुर्गा ही ज्यांची कुलदैवते, त्यांना देवाला जायचे तर हद्द ओलांडावी लागे. तिथे पोर्तुगीजांचा रुपया चाले, त्यावर त्यांची निशाणी. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तर त्यांनी रुपयाही काढून टाकला आणि एस्कुडो आणला, एका रुपयाचे सहा एस्कुडो. स्वतःच्या कुलदेवीच्या ओटीत घालायला परक्या राजाचे नाणे लागायचे. गोवा मुक्त झाला तेव्हा हा बदलाबदलीचा त्रासही संपला.

स्वतंत्र भारतात परकी चलनाची मोठी टंचाई होती. १९४७ आणि १९७३ च्या कायद्यांनी परदेशी पैशावर कडक बंधने आली. बाहेर जाणाऱ्याला थोडेच डॉलर मिळत, आणि जास्त जवळ बाळगणे हा गुन्हा होता. १९९९ मध्ये नवा कायदा झाला, जून २००० पासून लागू झाला, आणि ती बंधने सैल झाली. आज बँकेत किंवा परवानाधारक चलन-दुकानात जाऊन हिशेबात परकी चलन मिळते.

आता फोनवर

२०१६ मध्ये यूपीआय आले. आज आपली भाजीवाली, मासेवाली, रिक्षावाला सगळे क्यूआर लावतात. आता तो हळूहळू हद्दीबाहेरही चालतो. २०२१ मध्ये भूतानपासून सुरुवात झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी, त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये, आणि मार्च २०२४ मध्ये नेपाळात दुकानदारांकडे भारतीय यूपीआय सुरू झाला. आम्ही गेलो त्यानंतर चारच महिन्यांनी! पण फोनवर तो परदेशासाठी आधी चालू करावा लागतो, प्रत्येक बँक आणि प्रत्येक ॲप तिथे चालेलच असे नाही, आणि नेट नसेल तर तो नुसता खोका आहे. एटीएम कार्डाचेही तसेच. २०२० पासूनच्या नियमाने नवे कार्ड फक्त देशातच चालते, परदेशासाठी ते बँकेला सांगून किंवा ॲपवरून चालू करून घ्यावे लागते.

पण मैत्रिणींनो, आम्हाला सांगायचे ते याच्याही पुढचे आहे. काकूंची फजिती झाल्यावर आम्ही विचारले, काकू, तुमच्या खात्यावर यूपीआय आहे ना? आहे, म्हणाल्या. पण मुलाच्या फोनवर. काकूंचे खाते, काकूंची बचत, सिम मुलाच्या फोनात आणि पिन मुलाला पाठ. काकूंना स्वतःच्या खात्यात किती पैसे आहेत हे विचारायला पनवेलला फोन लावावा लागला. परत आल्यावर आम्ही अकरा जणींनी खरे-खरे सांगायचे ठरवले, कोणाचा पिन कोणाकडे आहे ते. अकरापैकी सात जणींचा पिन नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. एक जण तर म्हणाली, पिन मलाच ठाऊक नाही. या सातांत गटाच्या हिशेबाला पक्क्या अशा बायका होत्या. ही आकडेवारी लपवण्यासारखी होती, पण आम्ही लपवत नाही, कारण तुमच्या गटातही हीच गत असेल.

हुंडी नवऱ्याच्या नावाने, सही नवऱ्याची, आणि आता पिनही मुलाचा. कागद बदलला, यंत्र बदलले, पण पैशावरचा हात बदलला नाही, तर बाई परमुलखात काय आणि घरात काय, दोन्हीकडे परकीच. मुलगा वाईट नसतो. तो म्हणतो, आई, तुला जमणार नाही, मी करतो. पण तो जवळ नसला की आईला नावेचे तिकीट मिळत नाही. आणि नावेचे तिकीट ही तर छोटी गोष्ट. दवाखान्याची वेळ आली तर?

आम्ही काय ठरवले

पुढच्या यात्रेसाठी गटाने ठराव केला आहे. तुम्हीही तुमच्या वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट, निघण्याच्या आठवड्यात स्वतः बँकेत जाऊन विचारायचे, त्या देशात आपली कोणती नोट चालते, किती नेता येते. नेपाळचे नियमही मागेपुढे होत असतात, म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या शेजारणीच्या सांगण्यावर जायचे नाही. काकूंच्या नोटा नुसत्या नाकारल्या गेल्या, पण बंदी असलेल्या नोटा नेणे हा गुन्हाही ठरू शकतो.

दुसरी, भाव पाठ करून जायचे. नेपाळचा भाव १९९३ पासून एकच ठरलेला आहे, आपल्या शंभराचे तिथे एकशे साठ. तिथे किंमत नेपाळी रुपयांत सांगितली की आठाने भागा आणि पाचाने गुणा. आठशे सांगितले, आठाने भागले शंभर, पाचाने गुणले पाचशे. तीनशे वीस सांगितले, तर दोनशे. तिथले दुकानदार आपल्या पैशाला आयसी म्हणतात आणि त्यांच्या पैशाला एनसी. भाव ऐकला की आधी विचारायचे, आयसी की एनसी? या एका प्रश्नाने निम्मी फसवणूक टळते.

तिसरी, बट्ट्याचा हिशेब करायचा. काकूंना पाचशेमागे शंभर नेपाळी, म्हणजे आपले साडेबासष्ट रुपये गेले. आमच्या गटात पाचशेच्या कर्जाला महिन्याला दहा रुपये व्याज पडते. म्हणजे सहा महिन्यांच्या व्याजाहून जास्त पैसे एका मिनिटात गेले. चार नोटांचे अडीचशे. व्याजासाठी बैठकीत तासभर भांडणाऱ्या आपण, बट्टा मात्र मुकाट्याने देतो.

चौथी, सगळा पैसा एका ठिकाणी आणि एका रूपात नाही. थोड्या लहान नोटा कनवटीला, थोडे खात्यात, कार्ड वेगळ्या पिशवीत. जुने लोक थोडे रोख, थोडी हुंडी असे नेत, ते याचसाठी. युरोप, दुबई, थायलंडकडे कार्डाने पैसे देताना यंत्र विचारते, रुपयांत घेऊ की इथल्या पैशात? इथल्या पैशात सांगायचे. रुपयांत म्हटले तर बहुधा मधला बट्टा वाढतो. आणि बँकेची स्वतःची मजुरी, म्हणजे आजची हुंडणावळ, किती ते आधी विचारून ठेवायचे.

पाचवी, कार्डाचा नंबर आणि ते बंद करायचा बँकेचा फोन कागदावर लिहून पोलक्याच्या खिशात ठेवायचा. फोन चोरीला गेला तर फोनमधला नंबर काय कामाचा? ही आपली पेठ आणि परपेठ.

आणि सहावी, जी आमच्या मते पहिली, आपला फोन, आपले सिम, आपला पिन. मुलाकडून शिकायचे, पण पिन आपण घालायचा. आमच्या गटात आता दर बैठकीला बचतीचे पैसे प्रत्येकीने स्वतःच्या फोनवरून स्वतः भरायचे असा नियम आहे. पहिल्या महिन्यात दोन तास लागले. कोणाचे बोट घसरले, कोणी पिन विसरले, एकीने पन्नासचे पाचशे पाठवले आणि तिला ते परत केले. आता अर्ध्या तासात होते.

थोरल्या काकूंनी सुरुवातीला नाही म्हटले होते. मी म्हातारी, मला काय करायचे, असे. मग एका शनिवारी त्या पनवेलच्या बाजारात सुकट घ्यायला गेल्या आणि पहिल्यांदा स्वतः क्यूआरवर चाळीस रुपये दिले. कोळणीच्या फोनने मोठ्याने चाळीस रुपये मिळाले असे सांगितले तेव्हा, त्याच सांगतात, दोघी हसल्या. घरी आल्यावर मुलाला म्हणाल्या, माझा पिन मी बदललाय, तुला सांगणार नाही. मुलगा दोन दिवस रुसला होता. आता तोच शेजारच्यांना कौतुकाने सांगतो.

पुढच्या यात्रेत काकू येणार आहेत. ताल बाराहीला पुन्हा जायचे आहे, कारण मागच्या वेळी दर्शन झाले पण मन नाराज होते. या वेळी त्यांच्या बटव्यात शंभराच्या नोटा असतील, फोन त्यांचा असेल आणि भाव पाठ असेल. नावेचे तिकीट आमच्या सगळ्यांचे आपणच काढणार, असे त्यांनी आत्ताच सांगून ठेवले आहे.

तुमच्या गटात कोणाचा पिन कोणाकडे आहे, हे पुढच्या बैठकीत विचारून बघा. आणि घरातल्या आजीला, आजोबांना विचारा, तुम्ही लांब गेलात तेव्हा पैसे कसे नेले होते? कोणी साडीच्या काठात शिवले असतील, कोणी मनीऑर्डर केली असेल, कोणाकडे हाजची नोट जपून ठेवलेली असेल. जे सांगतील ते लिहून आमच्याकडे पाठवा, पुढच्या भाषणात वाचून दाखवू.